काठीवाला ग

साळव्यांबरोबर मेन रोडवरून चालणं ही शिक्षा होती. दहा पावलं टाकली की हा माणूस थांबायचा. दुकानात काही घ्यायचं नसायचं, ओळखीचं कुणी भेटलेलं नसायचं. वर पाटीकडे बघत, डावा डोळा अर्धवट मिटून, मान कलती करून नुसते उभे. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून वाजवून थकायचा. शेवटी मी विचारायची, "काय झालं साळवे?" की उत्तर यायचं, "बघा ना निकमबाई, त्या 'भांडार'मधल्या 'डा'चा जीव गुदमरलाय. दोन्हीकडून दाबलाय बिचाऱ्याला." मला कुठं काय दिसतंय! मला पाटीवर 'वस्त्र भांडार' दिसायचं, आणि मनगटावरच्या घड्याळात सातपूरची बस चुकलेली दिसायची.

सातपूरला कपडे धुण्याच्या साबणाचा एक कारखाना होता, तिथं आम्ही दोघं नोकरीला. मी मराठी टायपिस्ट आणि यशवंत साळवे आर्टिस्ट. आर्टिस्ट आपलं हजेरीपटापुरतं. तेलाच्या ड्रमवर नंबर घालण्यापासून 'येथे थुंकू नये'पर्यंत कारखान्यातलं प्रत्येक अक्षर त्यांच्या हातचं. आमच्या साबणाचं नाव मोगरा. पिवळीधमक वडी, आणि वास असा की खऱ्या मोगऱ्याला कळलं असतं तर त्यानं फिर्याद केली असती. पण चालायचा. नाशकातच नाही, निफाड, येवला, नांदगाव, जिथं जिथं आठवड्याचा बाजार भरतो तिथं तिथं चालायचा.

हे मी आणीबाणी उठली त्या सुमाराचं सांगतेय. सत्तरी ओलांडलीय मी, त्यामुळे सनावळ्या मागू नका. साळव्यांच्या शर्टाच्या बाह्या किती वेळा दुमडलेल्या असायच्या ते विचारा. दोन वेळा. शर्ट पांढरा, दिवसभर हात ऑइलपेंटमध्ये, आणि शर्टावर डाग म्हणून नाही. माझ्या मात्र एकूणएक पदराला रिबनची शाई.

माझ्या टाइपरायटरवर त्यांचा राग होता. जाता येता टेबलापाशी उभे राहून कागद वाचायचे, मजकूर नाही, अक्षरं. "ही म्हणजे रेशनच्या रांगेतली माणसं आहेत, बाई. 'र' अंगानं बारीक, 'क्ष' चांगला ऐसपैस, पण तुमचं यंत्र दोघांना जागा देणार सारखीच."

"मग काय 'क्ष'ला पाट मांडून बसवू?" मी म्हणायची.

थट्टा त्यांना कळायची, पण दोन मिनिटांनी. तोवर मी पुढचं पत्र यंत्रात घातलेलं असायचं आणि हे आपले खिडकीपाशी एकटेच हसत उभे. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली तर मुलगी कुठली, हॉल कुठला हे राहिलं बाजूला. "हवा नाही हो यात. हवा ठेवायला पाहिजे होती अक्षरात." एकदा तर आमच्या फिटरला त्यांनी तोंडावर सांगितलं की तुझी पत्रिका बघून मला धाप लागली. तो बिचारा आठ दिवस बोलत नव्हता.

उलटं लिहिण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अण्णांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, केबिनला काचेचं दार बसवलं तेव्हा त्यावरचं नाव साळव्यांनी काचेच्या आतल्या बाजूनं रंगवलं. बाहेरून रोज फडकं फिरलं तरी रंग निघायला नको म्हणून. आत स्टुलावर बसून ते आरशात दिसावं तसं, उजवीकडून डावीकडे लिहीत गेले आणि बाहेर उभे असलेले आम्ही ते नाव सुलटं उमटताना पाहत राहिलो. एक रेघ खोडली नाही त्यांनी. मी विचारलं, "जमतं तरी कसं हो?"

"त्यात काय आहे? ज्याला वाचायचंय तो कुठं उभा आहे ते मनात धरायचं. आपण कुठं उभे आहोत ते सोडून द्यायचं."

असं काहीतरी बोलून जायचे आणि मग विचारायचे, आज डब्यात काय आहे.

कॅन्टीनमध्ये चहा बशीत ओतला की पहिला घोट घेण्याआधी त्यात बोट बुडवायचे आणि सनमायकावर कुणाचं तरी नाव काढायचे. समोर जो बसला असेल त्याचं. शिपायाचं, ड्रायव्हरचं, बॉयलरवाल्याचं. साधं आपलं नाव, पण चहानं का होईना, असं काही काढायचे की तो माणूस स्वतःकडे नव्यानं बघायला लागायचा. मग रुमालानं पुसून टाकायचे. मी एकदा म्हटलं, "माझं काढा की."

"कुसुम?" माझं नाव त्यांनी मस्टरवर वाचलेलं असणार, तोंडानं ते मला निकमबाईच म्हणायचे. "तुमच्या नावाला दोन उकार आहेत. शेजारी शेजारी खाली लोंबतात. घाईत काढलं तर झोळ येईल. सवड होऊ दे."

ती सवड काही होईना. वर्षं गेली. मी मधूनमधून आठवण करायची, ते "सवड होऊ दे" म्हणायचे. पुढे पुढे तर मीच विचारायचं सोडून दिलं. नाव काढून घ्यायला मी काय दुकान होते?

आता मोगऱ्याचं अक्षर कसं ठरलं ते सांगते, कारण तसं अक्षर ठरवताना मी पुन्हा कुणाला पाहिलं नाही. पहिल्यांदा साबणावर काही नावच नव्हतं, फक्त कागदावर असायचं. कागद फेकला की आमची वडी आणि शेजाऱ्याची वडी एकच. म्हणून अण्णांनी ठरवलं की वडीवरच नावाचा ठप्पा मारायचा. रविवार कारंजावरच्या छापखान्यातून त्यांनी अक्षरांच्या नमुन्यांचा एक तक्ता आणला आणि साळव्यांपुढे टाकला. "यातलं चांगलं जाड बघून एक घ्या, आणि टाका ठप्पा करायला."

साळव्यांनी तक्ता डोळा मिटून पाहिला, उघडून पाहिला. "अण्णा, ही अक्षरं कागदावर राहणारी आहेत. आपलं अक्षर पाण्यात जाणार."

"मग?"

"मला दीड महिना द्या. आणि साबणाची दोन खोकी."

तीन अक्षरांना दीड महिना! पण अण्णांचा त्यांच्यावर जीव होता. दिली खोकी. साळवे पहिल्याच रविवारी नासर्डीवर गेले, बायका धुणं धुतात तिथं समोरच्या दगडावर वही घेऊन बसले आणि वडी कशी झिजते ते टिपायला लागले. आता बायका काय, आरती ओवाळणार? "ए मुडद्या, बायका धुणं धुतात तिथं काय लिहितोस रं?" म्हणून एकीनं पिळलेली लुंगी भिरकावली, ती नेमकी वहीवर. सोमवारी हे माझ्या टेबलापाशी येऊन गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "निकमबाई, रविवारी मोकळ्या आहात? नदीवर यायचंय."

माझ्या बोटांखाली तीन कळा एकदम अडकल्या.

"बायका मला एकट्याला बसू देत नाहीत," ते म्हणाले.

तर असं ते. मी मावशीकडे राहायची, तिला सांगितलं, ऑफिसचं काम आहे. ते खरंच होतं. सहा रविवार आम्ही नदीवर गेलो. मी बायकांशी बोलायची, त्यांची वापरलेली वडी मागून घ्यायची आणि बदल्यात नवी द्यायची. साळवे प्रत्येक झिजलेली वडी कागदात बांधून वर लिहायचे: कोण, किती दिवस वापरली, उजवी की डावखुरी. त्यातून त्यांना कळलं की वडी सगळीकडून सारखी झिजत नाही. तळहाताखाली धरून घासली की मधोमध पाट्यासारखी खोलगट होते, कडा शेवटपर्यंत राहतात. म्हणजे 'मोगरा' लिहिलं तर 'मो' राहणार, 'रा' राहणार आणि मधला 'ग' पहिल्यांदा जाणार. म्हणून त्यांनी 'ग' बाकीच्यांपेक्षा दुप्पट खोल ठेवायचा ठरवला. साबणाचा गाळ बसून गाठी बुजतात म्हणून अक्षराच्या गाठी मोकळ्या सोडल्या. आणि 'ग'चा उभा दांडा अंगापासून चांगला लांब उभा केला, खाली पाय जाड. तांबट आळीत ठप्पा कोरणाऱ्या कारागिराशेजारी हे चार दिवस मांडी घालून बसले होते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जिच्याबद्दल अण्णांनाही सुचलं नव्हतं. नदीवरच्या निम्म्याहून जास्त बायकांना वाचताच येत नव्हतं. पहिल्या ठप्प्याच्या वड्या आल्यावर साळव्यांनी आमची आणि दुसऱ्या दोन साबणांची वडी एका म्हातारीसमोर ठेवली आणि विचारलं, "आजी, यातली मागच्या वेळची कुठली?" म्हातारीनं ओलं बोट सरळ 'ग'वर ठेवलं. "ह्यो. ह्यो म्हातारा काठी टेकून उभा हाय न्हवं, त्योच."

साळवे त्या दिवशी परत येताना एकाही पाटीसमोर थांबले नाहीत. त्यानंतर आमच्या साबणाला मोगरा असं फक्त आम्ही कारखान्यातले म्हणायचो. दुकानात बायका 'काठीवाला' मागायच्या. नांदगावला माझी आई चांगली सातवी शिकलेली, पण तीसुद्धा काठीवालाच म्हणायची.

सहा रविवार. मोजलेत मी. ते खोकं खांद्यावर घेऊन पुढं, मी भाकरीची पिशवी घेऊन मागं. हातात हात देणं सोडा, दगड शेवाळलेला असला तर पलीकडे उभं राहून ते नुसतं म्हणायचे, "डावा पाय आधी." मला ते आवडायचे. आता या वयात लाजू तरी कुणाला? फार आवडायचे. सोमवार ते शनिवार मी टाइपरायटर बडवायची ती रविवार जवळ यावा म्हणून. त्यांना काय वाटत होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ते बौद्ध, मी मराठा, आणि नांदगावला माझे तीन भाऊ. हे वाक्य इथंच थांबतं. तेव्हाही इथंच थांबायचं.

मग काही वर्षांनी अण्णांची तब्येत बिघडली आणि मुंबईला शिकून आलेला त्यांचा मुलगा विकास कारखाना बघायला लागला. मुलगा वाईट नव्हता. घाई होती त्याला, बस. घरोघरी टीव्ही येत होता, त्याला आमचा साबण टीव्हीवर दिसायला हवा होता. त्यानं मुंबईहून जाहिरातवाले बोलावले. त्यांनी पॅकिंगच्या हॉलमध्ये एक मोठा फळा लावला आणि त्यावर 'मोगरा' बारा तऱ्हांनी लिहून टाचलं. दोघं आळीपाळीनं समजावून सांगायचे. हे अक्षर तरुण आहे. हे जरा घरगुती आहे. ह्यात आत्मविश्वास आहे. आम्ही सगळे माना हलवत होतो. अक्षराला आत्मविश्वास असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मला स्वतःलाच नव्हता.

विकासला आवडलेलं अक्षर मधोमध होतं. वरची रेघ काढून टाकलेली, तिन्ही अक्षरं एकात एक गुंफलेली, 'ग'चा दांडा वळवून सरळ 'रा'मध्ये नेऊन मिसळलेला. साळवे पुढं जाऊन ते बराच वेळ बघत होते. त्यांना राग यावा असं मला वाटत होतं, पण ते म्हणाले, "सुंदर आहे हो. वळण बघा कसं आलंय." आणि ते मनापासून म्हणाले. मग जाहिरातवाल्यांकडे वळून त्यांनी विचारलं, "ओलं करून पाहिलंत का?"

हॉलमध्ये हशा पिकला. जाहिरातवाल्यांना कळेचना की हा माणूस फळा ओला करायला सांगतोय की काय. साळव्यांनी समजावलं. दोन्ही ठप्प्यांच्या वड्या आठ दिवस नदीवर देऊन बघा, एवढंच म्हणणं होतं त्यांचं. विकास म्हणाला, "साळवेकाका, आता बायका नदीवर जात नाहीत. चला, आपण सगळ्यांचं मत घेऊ. नवं आवडलं त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. आधी ऑफिसचे, मग पॅकिंगचे. विकासची नजर रांगेवरून फिरत फिरत माझ्यावर आली. त्याच महिन्यात दुसऱ्या टायपिस्टला घरी बसवलं होतं. माझा पगार नांदगावला जायचा. मी हात वर केला. खांद्यापर्यंतच केला, पण केला. आणि नेमके त्याच वेळी साळवे मागे वळले.

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. सायखेड्याला आई एकटी आहे, तिला दिसेनासं झालंय, असं त्यांनी लिहून दिलं. अर्ज मीच टाइप केला. एरवी अक्षरांवर टीका करणारा माणूस त्या दिवशी कागद न बघता सही करून मोकळा झाला. ब्रश रॉकेलनं धुऊन डब्यात उभे केले, बाह्या सरळ केल्या. "येतो, निकमबाई." मला म्हणायचं होतं की तुम्ही माझ्याकडे बघून काहीतरी बोला, शिव्या द्या, पण असे जाऊ नका. मी म्हटलं, "बरं, या." मेली जीभ नको तिथं एवढी चालते! जुना पितळी ठप्पा पुढच्या आठवड्यात मोडीत निघाला.

नवा साबण टीव्हीवर आला. आम्ही सगळ्यांनी कॅन्टीनमध्ये पाहिला, टाळ्या वाजवल्या. आणि पंधरा-वीस दिवसांत येवल्याचे भागवतशेठ, आमचे जुने दुकानदार, जीपमध्ये खोकी घालून कारखान्यात हजर. रागानं लाल झालेले.

"ही घ्या तुमची खोकी. बायका मला चोर म्हणायला लागल्या!"

"का? साबण तोच आहे," विकास म्हणाला.

"हे मला नका सांगू, माझ्या गिऱ्हाइकाला सांगा. परवा एक बाई वडी माझ्या गल्ल्यावर आपटून गेली. 'शेठ, लय वर्सं झाली तुमच्याकडून नेती. आम्हाला येडं समजता व्हय? काठी कुठंय याच्यावर? नकली माल देता!' म्हणे. मी टीव्हीचं सांगितलं तर म्हणते, टीव्हीवरबी नकलीच दाखवतेत."

भागवतशेठ एकटे नव्हते. निफाडहून तेच, चांदवडहून तेच. कुणी तक्रार केली नाही की साबण वाईट आहे. काठी नाही म्हणून तो आमचा नाही, एवढंच. शेवटी अण्णा काठी टेकत स्वतः कारखान्यात आले, केबिनमध्ये बसले आणि एकच वाक्य बोलले, "साळव्यांना बोलवा." विकासनं तोंड पाडून मला आत बोलावलं. "बाई, चूक माझीच आहे. पण तुम्ही जा. ते तुमचं ऐकतील."

माझं? हात वर केलेल्या बाईचं?

तरी गेले. सायखेड्याची एस.टी. गावात शिरली आणि उतरायच्या आधीच मला कळलं की हे गाव त्यांचंच. एका भिंतीवर लिहिलं होतं 'बुद्धविहाराकडे', पुढे बाण. साधी चुन्याची भिंत आणि निळा रंग, पण अक्षरांत हवा होती. घर गोदावरीच्या बाजूला होतं. ओट्यावर त्यांची आई बसली होती. डोळे गेलेले, चेहरा अगदी साळव्यांचा. मी साबणाच्या कारखान्यातून आले म्हटल्यावर तिनं तोंडच वळवलं.

"तुमच्यावाला नवा आणला व्हता शेजारच्या सुनबाईनं. मी बोट फिरवलं. काठीच नाय. म्हटलं, ह्यो आमच्या यशवंताचा नाय. दिला फेकून." मग हात पुढे करून म्हणाली, "बस पोरी. ऊन लय हाय. त्यो येईलच साळेतून."

ते आले. शाळेच्या भिंतीवर नकाशा काढायला गेले होते. केस आणखी पिकले होते, बाह्या दोन वेळा दुमडलेल्या, शर्ट स्वच्छ. मला बघून आधी पाणी दिलं, मग चहा ठेवला, मग विचारलं, "बसनं आलात? खिडकी मिळाली का?" मी सगळं सांगून टाकलं. येवला, अण्णा, भागवतशेठ. भागवतशेठच्या गिऱ्हाइकाचं ऐकून ते हसले. या वेळी दोन मिनिटं लागली नाहीत.

"तुम्ही या परत," मी म्हटलं.

"आईला उठवून बसवावं लागतं, निकमबाई. मी कसा येणार?"

आत जाऊन त्यांनी एक पत्र्याचा डबा आणला. झाकण उघडलं आणि मला नासर्डीचाच वास आला. त्यात त्या सहा रविवारांच्या वड्या होत्या. प्रत्येक कागदात बांधलेली, वर नाव, दिवस, उजवी-डावखुरी. नंतरच्याही काही होत्या, बोटाएवढ्या चकत्या उरलेल्या. 'मो' नाही, 'रा' नाही, नुसती काठी दिसतेय. तळाशी मेणकागदावर ठप्प्याचं अक्षर उलटं काढलेलं होतं. त्यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. "तांबटाला सांगा, 'ग' दुप्पट खोल. आणि काठीचा पाय बारीक करू नको म्हणावं, या कारागिरांना ती सवय असते."

"तुम्हीच या ना सांगायला. एक दिवस."

"अक्षर गेलं की पुरे आहे. मी कशाला?"

पण बोलल्याशिवाय मला परतवेना. "साळवे, त्या दिवशी मी हात वर केला होता."

"कधी? मी फळ्याकडे बघत होतो."

"तुम्ही मागे वळला होतात."

त्यांनी चहाची बशी बोटानं गोल फिरवली. "वळलो असेन. लांबून कसं दिसतं ते बघायला." डावा डोळा अर्धवट मिटलेला होता, पाटीकडे बघताना असायचा तसा. ते खरं सांगत होते की नाही ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही, अजूनही येत नाही. मला रडू आलं. मधेच आई म्हणाली, "यशवंता, पोरीला भाकर दे." मी रडतच भाकरी खाल्ली, आणि सांगते, चांगली लागली.

काठीवाला परत आला. तांबटानं नवा ठप्पा केला, भागवतशेठनं पेढे पाठवले, विकासनं साळव्यांना आभाराचं पत्र लिहिलं. ते मी टाइप केलं, अक्षरं रेशनच्या रांगेत उभी करून. मी पुन्हा सायखेड्याला गेले नाही. जायला काय कारण सांगणार होते, आणि कुणाला? आई गेल्यावर ते कुठं गेले ते नीट कळलं नाही, आणि ते स्वतः गेल्याचं मला खूप उशिरा, दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यात ओझरतं कळलं. लग्न मी केलं नाही. साळव्यांमुळे नाही, असं मी लोकांना सांगते. कारखानाही पुढं बंद पडला. काठीवाल्याची एक चकती माझ्या कपाटात आहे, ती मी वापरत नाही.

म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी सायखेड्याच्या थांब्यावरच. एप्रिलची दुपार होती. ते मला बसपर्यंत सोडायला आले होते. डबा माझ्या मांडीवर. खिडकीची काच धुळीनं पांढरी झालेली, आणि पलीकडे ते उभे. आजूबाजूला माणसं होती, गावचीच, बघणारी. कंडक्टरनं दोरी ओढायला हात वर केला आणि साळवे एकदम पुढं आले. बाहेरून, त्या धुळीवर, त्यांनी बोट टेकवलं. मला वाटलं काच पुसतायत. पण बोट त्यांच्या उजवीकडून निघालं, डावीकडे सरकत गेलं, एकदाही अडलं नाही. बाहेरच्या माणसांना ती नुसती गिचमिड दिसली असणार. आत मला सुलटं दिसत होतं: कुसुम. पहिला उकार आखूड, दुसरा लांब, 'म'च्या खालून अलगद पुढे नेलेला. झोळ नव्हता.

बस हलली. ते तिथंच उभे होते, मान कलती करून, लांबून कसं दिसतं ते बघत.

एवढ्या उन्हात शेजारची बाई कितीदा म्हणाली, खिडकी उघडा म्हणून. नाशिक येईपर्यंत मी ती उघडली नाही.